निरोप राहिलेल्या वच्छलामावशी

वच्छलामावशींनी मला उभ्या नोकरीत एकदाही नावानं हाक मारली नाही. माझं गाव जिंतूर तालुक्यातलं म्हणून मी 'जिंतूरवाले'. आमचे कारकून मोईनभाई पाथरीचे, म्हणून ते 'पाथरीवाले'. साहेब लोक तर बदलून यायचे, बदलून जायचे. त्यांची नावं पाठ करण्यापेक्षा 'लातूरचे साहेब', 'हिंगोलीचे साहेब' म्हटलं की मावशींचं भागायचं. "नाव काय, कुणी बी ठेवतंय. माणूस कुठल्या मातीचा हाय ते बगावं," असं त्या म्हणायच्या. त्यांना तसं म्हणायचा अधिकारही होता, कारण जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक गावांची माती त्यांच्या हाताखालून गेलेली होती.

परभणीच्या बाहेर, वसमतच्या रस्त्याला, आमची माती तपासणीची एक लहानशी प्रयोगशाळा होती. शेतकरी वावरातली माती पिशवीत घालून आणायचे, आम्ही ती तपासून कुठलं खत किती टाकायचं त्याचा कागद द्यायचो. आम्ही म्हणजे आठ माणसं. पण आलेली माती सगळ्यांत आधी जायची ती मावशींच्या हातात. त्या ती मागच्या खोलीत सावलीला कागदावर पसरायच्या, वाळली की लाकडी मोगरीनं ढेकळं फोडायच्या, चाळणीतून काढायच्या आणि बरणीत भरून चिठ्ठी लावायच्या. मग ती माझ्याकडं यायची. माझी काचेची भांडी, माझी यंत्रं, माझी पदवी, हे सगळं मावशींच्या मोगरीनंतरचं.

एकदा मानवतकडचा एक शेतकरी दोन किलो माती घेऊन आला. मावशींनी पिशवीत हात घातला, चिमूट बोटांत चोळली आणि पिशवी परत दिली.

"ही वावरातली न्हाई."

"वावरातलीच हाय की, मावशी. आत्ताच आणायलोय."

"वावरातली हाय, पर बांधाच्या कडंची. शेजारी उकिरडा हाय का न्हाई? खरं सांगा."

तो माणूस खाली बघून हसला. रस्त्याला लागून सोपं पडलं म्हणून त्यानं तिथलीच उकरून आणली होती. "आठ-दहा ठिकाणची घ्या, मधातली घ्या," मावशी म्हणाल्या. "ह्या मातीवर ह्यांनी कागद दिला तर तुमचं खत बी वाया आन् ह्यांचं शिक्षण बी वाया." शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून होतं.

मावशी सोनपेठकडच्या, गोदाकाठच्या. नवरा आमच्याच प्रयोगशाळेत शिपाई होता. तो ऐन तिशीत गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं, तेव्हा मुलगा प्रकाश चार वर्षांचा होता. पहिले सहा महिने त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या म्हणे. मला हे कधी खरं वाटलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला पहिल्या तासाभरात माझ्या आईचं माहेर विचारून घेतलं होतं.

मी जरा माणूसघाणा आहे. बायको हे लोकांसमोर म्हणते आणि मीही नाकारत नाही. कामाला यावं, मान खाली घालून काम करावं, घरी जावं, असा माझा हिशेब. मावशींचा अगदी उलटा. सकाळी आल्या की त्या आधी प्रत्येकाच्या टेबलापाशी जायच्या, टेबलाच्या कडेवर हात ठेवायच्या आणि तोंडाकडं बघायच्या. "डोळे कामून लाल हायत? झोप न्हाई का?" "काल रागात गेलते, आज बरं हाय का?" उत्तर मिळेपर्यंत हात हलायचा नाही. रजेवरून परत आलेल्या माणसाला तर सगळ्यांच्या देखत जबाब द्यावा लागायचा, कुठं गेला होता आणि काय खाल्लं. मला याचा भयंकर वैताग यायचा. एकदा मी दात काढायला गेलो होतो ते सांगायचं नव्हतं, म्हणून ताप आला होता असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी मावशी डब्यातून कसला तरी कडूजहर काढा घेऊन आल्या आणि समोर उभं राहून मला तो शेवटच्या थेंबापर्यंत पाजला.

मोईनभाईंचं आणि माझं एकदा वाजलं. कारण सांगायचीही लाज वाटते. माझी काचेची नळी फुटली आणि ती त्यांच्या धक्क्यानं फुटली असं मी म्हणालो. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कागदांची देवाणघेवाण शिपायामार्फत. एक दिवस अकराच्या चहाला मावशींनी आमच्या दोघांमध्ये एकच कपबशी आणून ठेवली. "कप कमी पडायलेत," म्हणाल्या. "एकानं कपात घ्या, एकानं बशीत." मागच्या कपाटात धुतलेले सहा कप पालथे घातलेले मला तिथून दिसत होते. मोईनभाईंनाही दिसत होते. त्यांनी बशी उचलली आणि फुंकर मारता मारता म्हणाले, "साब, कप तुमी घ्या. फोडू नका म्हंजे झालं." सगळी प्रयोगशाळा हसली, मीसुद्धा हसलो. त्यानंतर आमचं बोलणं कधी बंद पडलं नाही.

मग लॉकडाऊन आला. खोटं कशाला बोलू, मला पहिले आठ दिवस फार बरं वाटलं. कुणी विचारायला नाही, कुणी तोंडाकडं बघायला नाही. पंधराव्या-विसाव्या दिवशी मात्र मला काहीतरी होऊ लागलं. घरात बायको होती, मुलगी होती, सगळं ठीक होतं. तरी अकरा वाजले की मी उगाच उठून उभा राहायचो. जी आपली कुणी लागत नाहीत, ज्यांना आपण निवडलेलं नाही, अशा माणसांच्या शेजारी वीस वर्षं बसलं की त्यांचीही अंगाला सवय होते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. मोईनभाई घसा साफ करायचे त्या आवाजाची मला वर्षानुवर्षं चीड यायची, आणि आता तो आवाज ऐकायला मिळाला तर बरं, असं मला वाटत होतं.

मावशींनी वार वाटून घेतले होते. रोज एकाला फोन. माझा वार गुरुवार. आधी मी "हो, बरं आहे" म्हणून दोन मिनिटांत ठेवून द्यायचो. पुढं पुढं गुरुवारी मी आंघोळ लवकर करून बसू लागलो.

त्याच मेअखेरीस मावशी निवृत्त झाल्या. त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, घरात कुणाला सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी सगळ्या वर्गाची घातली तीच घातली, एक जून. त्यामुळं नोकरी संपायची ती मे महिन्यात. त्या दिवशी हजेरीला मी, मोईनभाई आणि साहेब एवढेच होतो. साहेबांनी तोंडाला दोन मास्क लावून, लांबून हात करून त्यांना आदेशाचा कागद दिला. हार नाही, नारळ नाही. एकत्र जमायलाच बंदी होती.

"मावशी, निरोप समारंभ आपण नंतर करू. सगळं उघडलं की," साहेब म्हणाले.

"करा की. समदे असले म्हंजे करा," मावशी म्हणाल्या. कागद पिशवीत घातला, रिकाम्या टेबलांपाशी एकेक करून हात ठेवला आणि गेल्या.

त्या एकट्याच राहायच्या. प्रकाश पुण्याला, कंपनीत. तिकडून येता येईना, यांना जाता येईना. पुढं त्यांच्या गल्लीत रुग्ण सापडला, गल्ली बांबू लावून बंद केली. त्यांचीही तपासणी झाली आणि विलगीकरणासाठी त्यांना एका वसतिगृहाच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं. त्या दोन गुरुवारी फोन आला नाही. मी लावला तर बंद. मी अस्वस्थ होऊन मोईनभाईंना फोन केला, तर ते म्हणाले, "मी पण तुमालाच लावायलो होतो." मावशींचा चार्जर घरी राहिला होता, एवढंच झालं होतं. हे त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं, हसत सांगितलं.

"खोलीत काय करत होतात मग?" मी विचारलं.

"काय करू? भिताडाकडं बगायचे. मंग एक उपाय काढला. अकरा वाजले का डोळे झाकायचे आन् मनातल्या मनात हापिसात यायचे. पयलं पाथरीवाल्याचं टेबल, मंग तुमचं, मंग साहेबांचं. समद्यांना इचारायचे, बरं हाय का. तुमी लोक बोलायचेत बरं का. तुमी मातर तिथं बी मान खालीच घालून बसलेले."



कार्यालय पूर्ण हजेरीनं सुरू झालं त्या दिवशी आम्ही सगळे पावणेदहालाच येऊन बसलो होतो, साहेबांसकट. एकमेकांच्या पिकलेल्या केसांकडं बघून हसत होतो. आणि मागच्या खोलीतून मोगरीचा आवाज आला. मावशी नेहमीच्या जागी, नेहमीच्या पोत्यावर, पदर खोचून बसलेल्या.

"मावशी, आप तो रिटायर हो गये ना?" मोईनभाई म्हणाले.

"कागदावर झाले. निरोप झालाय का माझा?"

"नाही."

"मंग? निरोप झाल्याबिगर माणूस जातंय का कुठं?"

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, आणि मग येतच राहिल्या. मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं, तर मोईनभाईंनी एक जुनं, अर्धं कोरं मस्टर काढून दिलं. त्यात मावशी रोज वळणदार सही करायच्या. पगार नाही, काही नाही. साहेबांनी एकदा मला विचारलं, हे नियमात कसं बसतं? मी म्हणालो, साहेब, त्या भेटायला येतात. साहेब म्हणाले, भेटायला आलेलं माणूस माती कुटतं का? आणि पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही.

तो काळ आमच्या कार्यालयाचा सगळ्यांत चांगला काळ होता. अकराच्या चहाला कुणी टेबलावर कप मागवेना; सगळे उठून मागच्या खोलीत जायचे. मीही जायचो. मावशी टेबलावर हात ठेवायच्या तेव्हा मी मान वर करून "काल झोप लागली नाही" असं खरं खरं सांगू लागलो होतो. मधे दुसरी लाट आली, पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं. मावशी पुन्हा आल्या.

आणि इथं मी ते काम केलं.

मला सारखं वाटायचं, या बाईनं आपलं अख्खं वय इथं घातलं आणि तिच्या खांद्यावर कुणी शाल टाकली नाही. ती लांबून दिलेल्या कागदाची आठवण मला खायची. मी विषय काढला की मावशी म्हणायच्या, "सुनंचं बाळंतपण होऊ द्या." ते झालं. "पाऊस उघडू द्या." उघडला. "प्रकाशला सुट्टी न्हाई." मला वाटलं, संकोच करतात. आपल्यासाठी खर्च नको म्हणून टाळतात. मोईनभाईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "साब, नक्को करो. चलरा ना, चलने दो." मी म्हणालो, तुम्हाला काही भावना आहेत की नाही? असं मी त्यांना म्हणालो. मी!

मग मीच सगळं गुपचूप ठरवलं. प्रकाशला फोन करून बायको-मुलासह बोलावून घेतलं. शाल, श्रीफळ, साडी, भिंतीवरचं घड्याळ आणलं. शुक्रवारी दुपारी खुर्च्या मांडल्या, पडद्यावर 'सेवापूर्ती समारंभ' अशी सोनेरी अक्षरं चिकटवली आणि मावशींना बोलावणं धाडलं.

त्या दारात येऊन थांबल्या. हाताला कोपरापर्यंत माती. आधी अक्षरांकडं पाहिलं, मग पुढच्या रांगेत नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या प्रकाशकडं पाहिलं. "हात धुऊन येते," म्हणाल्या. त्या नळावर बराच वेळ होत्या. एवढा वेळ हात धुवायला लागत नाही, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

भाषणं झाली. माझं सगळ्यांत चांगलं झालं असं सगळे म्हणाले. मावशींना बोलायला लावलं तर त्या उभ्या राहून म्हणाल्या, "समद्यांनी लय केलं. घरच्यावानी ठेवलं. चुकलंमाकलं पोटात घाला." आणि खाली बसल्या. निघताना प्रत्येकाच्या टेबलापाशी गेल्या. माझ्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "लय चांगलं बोललात, जिंतूरवाले." मी खूश झालो. त्या रात्री मी बायकोला सांगितलं, आयुष्यात एक तरी काम मी मनापासून केलं.

सोमवारी मागच्या खोलीत आवाज नव्हता. मंगळवारीही नव्हता. प्रकाश आलाय, नातू आहे, असं आम्ही म्हणालो. प्रकाश तर रविवारीच परत गेला होता. मोईनभाईंनी जुनं मस्टर गुरुवारपर्यंत टेबलावर उघडून ठेवलं होतं, मग कपाटात टाकलं. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठवड्यानं मी मावशींच्या घरी गेलो. दोन खोल्या, लख्ख सारवल्यासारखी फरशी, आणि आम्ही दिलेलं घड्याळ भिंतीवर. त्यांनी चहा टाकला.

"मावशी, येत का नाही?"

"आता कसं येऊ?"

"म्हणजे? रोज येत होता तसंच."

"तवा निरोप झाला नव्हता. आता तुमी शाल दिली, नारळ दिला, साडी दिली, चार लोकांत दिली. समदं घेऊन मी परत येऊन बसले तर माझी काय इज्जत ऱ्हाईल? साहेब बी म्हणतील, बाईला लाज न्हाई."

"अहो, तो नुसता कार्यक्रम होता."

"तुमच्यासाठी असंल." त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "जिंतूरवाले, मी दोन वर्सं टाळायले होते. तुमाला कळलं न्हाई व्हय?"

नव्हतं कळलं. माणसांकडं न बघता वीस वर्षं काढली की माणसं काय सांगतायत ते कळत नाही. मी तिथं रडलो. मावशींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी चांगलंच करायला गेलते."

त्यानंतर आम्ही सगळे मिळून एकदा गेलो, साहेबही आले. साहेबांनी स्वतः सांगितलं, उद्यापासून या. मावशींनी सगळ्यांना पोहे केले, सगळ्यांची विचारपूस केली आणि आल्या नाहीत. दोनच महिन्यांनी प्रकाश त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथं सातव्या मजल्यावर राहायच्या. गुरुवारी फोन यायचा, तो हळूहळू लहान होत गेला. "इथं कुणी कुणाच्या दारात येत न्हाई हो," एकदा म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यात प्रकाशचा फोन आला, आई झोपेतच गेली म्हणून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्याला जाण्याच्या आदल्या दिवशी, पण त्या जाणार आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळचे अकरा वाजत आले होते. खिडकीतून बघतो तर फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, मावशी उभ्या. हातात भाजीची पिशवी. भाजीबाजार तिथून दीड मैल लांब होता. मी धावतच बाहेर गेलो.

"मावशी, या ना आत. चहा होतोय."

"न्हाई, इकडून चालले होते. समदे हायत ना?"

"आहेत."

"पाथरीवाल्याचा खोकला?"

"आहे तसाच."

"आन् तुमची झोप?"

मी काहीतरी बोललो. फाटक सताड उघडं होतं. मी आत, त्या बाहेर, मधे हातभर जागा. मी हात धरून ओढलं असतं तर कदाचित आल्या असत्या. मला तेवढं धाडस झालं नाही. तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी मोटारसायकलवरून उतरून आला. खांद्यावर मातीची पिशवी. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, सरळ मावशींसमोर पिशवी धरली.

"बाई, माती इथंच घेत्यात का?"

मावशींनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी ती मातीची पिशवी घेतली. क्षणभर तशीच धरून उभ्या राहिल्या. मग ती माझ्या हातात दिली.

"ह्यांना इचारा, दादा," त्या म्हणाल्या. "मी इथली न्हाई."

भाजीची पिशवी उचलून त्या रस्त्याच्या पलीकडं गेल्या, आणि तो म्हातारा मला विचारू लागला, कागद किती दिवसांनी मिळेल.